काही कळलं का?

पडेगावच्या माणसाला विमान गाठायचं तर अख्खं शहर ओलांडावं लागतं. आपण पश्चिमेच्या टोकाला, दौलताबाद-वेरूळच्या वाटेवर. विमानतळ पूर्वेला, चिकलठाण्यात. छावणी, बाबा पेट्रोल पंप, क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल, सिडको, मुकुंदवाडी असं एकेक मागे टाकत माणूस पोचतो, सामान देतो, सुरक्षा तपासणी उरकून आत जाऊन बसतो आणि मग कळतं की विमान तीन तास उशिरा आहे. आता घरी जाऊन परत येण्यात अर्थ नसतो. मुंबई-दिल्लीच्या विमानतळांवर अशा वेळी गर्दीत हरवून जाता येतं. दुकानं असतात, शेकडो उड्डाणांची माणसं इकडून तिकडे जात असतात आणि त्यांतलं आपल्यासारखं अडकलेलं कोण, हे ओळखू येत नाही. चिकलठाण्याला दिवसाची विमानं मोजकीच. एक लांबलं की दालनात बसलेली जवळजवळ सगळी माणसं त्याच विमानाची असतात. एकाच अडचणीतले सगळे लोक एकमेकांच्या नजरेसमोर असणं, ही लहान विमानतळाने दिलेली मोठी गोष्ट आहे, आणि ती आपण बहुतेक वेळा वाया घालवतो असं मला वाटतं. त्या तासांत शेजारच्या माणसाशी ओळख होणं याकडे आपण वेळ काढण्याचं साधन म्हणून पाहतो. मला त्यात एरवी शहरात न मिळणारी बरोबरी दिसते. मात्र ती आपोआप हाती येत नाही. आपण शेजाऱ्याला पहिल्यांदा काय विचारतो, यावर ती टिकते किंवा मोडते.

त्या दालनात कोण कोण असतं ते पाहा. इथे १९८१पासून मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे, म्हणून दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात निघालेले वकील असतात. वाळूज आणि शेंद्र्याच्या कारखान्यांत यंत्र बसवायला आलेला अभियंता परत निघालेला असतो. वेरूळ आणि अजिंठा १९८३ साली जागतिक वारसा यादीत गेल्यापासून परदेशी पर्यटकांना हे शहर ठाऊक आहे. त्यांत लेण्यांमधल्या बुद्धमूर्तींपुढे हात जोडायला येणारे दूरदेशीचे बौद्धही असतात. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात तपासण्या करायला निघालेला रुग्ण असतो, त्याच्या मांडीवर एक्स-रेची पिशवी असते. बंगळूरला मुलीच्या बाळंतपणाला निघालेले, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणारे आई-वडील असतात. एरवी हे लोक एकमेकांच्या वाट्याला येत नाहीत. त्यांच्या वसाहती वेगळ्या, मुलांच्या शाळा वेगळ्या, सणवार वेगळे. आणि कामाच्या ठिकाणी भेटले तरी कुणीतरी साहेब असतो आणि कुणीतरी अर्जदार. विमान लांबलं की त्यांची पदं तेवढ्यापुरती निरुपयोगी होतात. विमान यायचं असतं दुसऱ्या शहरातून. एकच विमान दिवसभरात अनेक फेऱ्या करतं आणि दिल्लीत सकाळी धुकं पडलं की त्याचा उशीर दुपारपर्यंत गावोगाव पोचतो. वकिलाच्या युक्तिवादाने धुकं हटत नाही आणि उद्योजकाच्या ओळखीने विमान लवकर येत नाही. इतकी समान हतबलता आपल्या समाजात फार थोड्या ठिकाणी अनुभवाला येते.

तरीही माणसं बोलत नाहीत. फोन हे त्याचं कारण सांगितलं जातं, पण ते वरवरचं आहे. शिकागोचे मानसशास्त्रज्ञ निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. रोज लोकलने आणि बसने जाणाऱ्यांपैकी काहींना त्यांनी सांगितलं, आज शेजारच्या अनोळखी माणसाशी बोला; काहींना सांगितलं, गप्प बसा; काहींना सांगितलं, नेहमीसारखंच जा. ज्यांना फक्त अंदाज करायला सांगितला होता, त्यांचं म्हणणं पडलं की गप्प बसून केलेलाच प्रवास सर्वांत सुखाचा होईल. प्रत्यक्षात उलट झालं. बोलणाऱ्यांचा प्रवास सगळ्यांत चांगला गेला. पुढे लंडनमध्येही असंच आढळलं. बोलणं नकोसं असतं म्हणून आपण गप्प बसतो असं नाही. शेजाऱ्याला ते नको असेल अशी आपली समजूत असते, आणि तीच समजूत शेजारी आपल्याबद्दल करून बसलेला असतो. दोघंही एकमेकांचा मान राखण्यासाठी गप्प. रांगा आणि प्रतीक्षा यांचा अभ्यास करणारे डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ साली मांडलेल्या निष्कर्षांचीही इथे आठवण होते: कारण न सांगितलेली वाट कारण सांगितलेल्या वाटेपेक्षा लांब वाटते, किती वेळ लागेल हे ठाऊक नसेल तर आणखी लांब वाटते, आणि एकट्याने पाहिलेली वाट सोबतीने पाहिलेल्या वाटेपेक्षा लांब वाटते. लांबलेल्या विमानाच्या दालनात हे तिन्ही त्रास एकदम असतात. पहिले दोन कमी करणं विमान कंपनीच्या हातात आहे. तिसरा मात्र आपल्याच हातात आहे.

पण केवळ गप्पांनी मैत्री होते असं मी म्हणत नाही. मोठ्या अडचणींत जिथे अनोळखी माणसं खरोखर जवळ आली, तिथे आधी काहीतरी मिळून करावं लागलं होतं. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेचं आकाश बंद झालं तेव्हा कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर गँडर नावाच्या साधारण दहा हजार वस्तीच्या गावात ३८ प्रवासी विमानं उतरवली गेली. साडेसहा हजारांवर माणसं काही दिवस तिथल्या नि आसपासच्या गावांतल्या शाळांत, सभागृहांत आणि लोकांच्या घरांत राहिली. ती जगभर गाजलेली कहाणी यजमानांच्या आतिथ्याची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. पण त्या प्रवाशांना आपसांतही बरंच काही वाटून घ्यावं लागलं होतं: अंथरुणं, टेलिफोनची रांग, बातम्या, रडणं. आपल्याकडचं उदाहरण २०१९च्या जुलैचं. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस २६ जुलैच्या रात्री बदलापूर-वांगणीदरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली. चारही बाजूंनी पाणी, डब्यात अंधार, आणि हजारावर प्रवासी. दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि आसपासचे गावकरी यांनी मिळून सगळ्यांना बाहेर काढलं. त्यांत गरोदर बायकाही होत्या. अशा वेळी आधी कुणाला उतरवायचं, हे सगळ्यांनी मिळून मान्य केल्याशिवाय कुणीच नीट उतरू शकत नाही. विमानतळावरचा उशीर याच्या तुलनेत किरकोळ, हे उघड आहे. तरी त्यातही मिळून करण्याजोगी कामं असतात. घोषणा इंग्रजीत आणि घाईची असते. ती न कळलेल्या आजींना समजावून सांगायची असते. रुग्णाला पाय पसरायला जागा करून द्यायची असते. सगळ्यांच्या वतीने एकाने काउंटरवर जाऊन विचारून यायचं असतं. पुढचं विमान चुकणार असलेल्यांची नावं एकत्र करून द्यायची असतात. अशा कामांतून झालेली ओळख गप्पांतून झालेल्या ओळखीपेक्षा घट्ट असते, कारण तिथे माणूस काय सांगतो यापेक्षा काय करतो ते दिसतं.

इथे सर्वांत गंभीर आक्षेप येतो, आणि तो बाजूला सारून पुढे जाणं मला मान्य नाही. अडचणीत माणसं जवळ येतात हे आपल्या देशात सरसकट खरं नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या आत्मकथनात १९०१ सालची हकिगत लिहून ठेवली आहे. वडील गावाबाहेर नोकरीला. सुटीत त्यांच्याकडे निघालेले लहानगे भीमराव घरच्या मुलांबरोबर सातारा जिल्ह्यातल्या मसूर स्टेशनावर उतरले. न्यायला कुणी आलं नव्हतं. गाडी गेली, फलाट रिकामा झाला, मुलं थांबून राहिली. तेव्हा स्टेशनमास्तर आपणहून जवळ आला, कुठे जायचं, कोण न्यायला येणार अशी चौकशी केली. स्वच्छ कपड्यांतली मुलं पाहून त्याला कणव वाटली होती. मग त्याने विचारलं, तुम्ही कोण. मुलांनी जात सांगितली आणि त्याचा चेहरा बदलला. तो आपल्या खोलीत निघून गेला. अर्ध्या तासाने परत आला खरा, पण गाडीवाले त्या मुलांना घ्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाड्यावर एकजण कबूल झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनी हाकायची आणि तो स्वतः बरोबर चालेल. दुसरी हकिगत तर पडेगावच्या पुढच्याच वाटेवरची. १९३४ साली बाबासाहेब आणि चळवळीतले तीसेक सहकारी लेणी पाहायला निघाले असताना दौलताबादच्या किल्ल्यापाशी उतरले. प्रवासात धुळीने माखलेल्या त्यांच्यापैकी काहींनी दारापाशी असलेल्या टाक्याच्या पाण्याने तोंड-हात धुतले. ते कोण आहेत हे कळल्यावर पाणी बाटवलं म्हणून ओरडा झाला, माणसं जमली, शिवीगाळ झाली. किल्ल्यात जाऊ दिलं ते एक हत्यारबंद शिपाई बरोबर देऊन, आत कुठे पाण्याला हात लागू नये म्हणून. त्या ओरडणाऱ्यांत दुसऱ्या धर्माची माणसं होती हेही बाबासाहेबांनी मुद्दाम नोंदवलं आहे. बहिष्काराला धर्माची सीमा नव्हती हे त्यांना दाखवायचं होतं.

मसूरच्या हकिगतीत एक बारकावा आहे, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. स्टेशनमास्तराची सुरुवातीची कणव खोटी नव्हती. वाट पाहत थांबलेली मुलं पाहून कोणत्याही माणसाला जे वाटावं ते त्याला वाटलं. ते टिकलं एका प्रश्नापर्यंत. म्हणजे वाट पाहण्याने माणुसकी जागी होते हे खरं, आणि ओळख विचारण्याच्या आपल्या सवयीने ती तिथल्या तिथे मरते हेही तितकंच खरं. कुणी म्हणेल, सव्वाशे वर्षं झाली, आता विमानतळावर जात कोण विचारतो? उघड कुणी विचारत नाही. पण आपल्याकडे ओळखीची पायरी अजून ठरलेली आहे: गाव कोणतं, मग आडनाव काय, मग अमुक तुमचे कोण. गाव विचारण्यात मराठवाड्याची आपुलकी असते, ती मला नाकारायची नाही. परक्या शहरात ‘मी पैठणचा’ म्हणणारा भेटला की जीव सुखावतो. आडनावाच्या पायरीवर मात्र माणसाची जागा ठरवली जाते. धर्म तर नावावरूनच कळतो. आणि एकदा जागा ठरली की पुढच्या तीन तासांत कुणाशी काय बोलायचं, कुणाच्या डब्यातलं घ्यायचं, कुणाला सामानाकडे लक्ष ठेवायला सांगायचं हेही मनातल्या मनात ठरून जातं.

म्हणून सुरुवातीचा प्रश्न दुसरा हवा, आणि तो शोधायला कुठे जावं लागत नाही. उशिराच्या दालनात तो आपसूक येतो: ‘काही कळलं का?’ या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी कुणाला आडनाव सांगावं लागत नाही. विचारणारा आपली गरज कबूल करतो आणि समोरच्याला आपल्याइतकाच जाणता मानतो. पडेगावच्या रस्त्याने याचं दुसरं रूप दर वर्षी दिसतं. श्रावणात शुक्रवारी रात्री आणि हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री हजारो लोक शहरातून पायी खुलताबादच्या भद्रा मारुतीला निघतात. पडेगाव, मिटमिटा, शरणापूर, दौलताबाद असा हा रस्ता रात्रभर जागा असतो. त्या अंधारात शेजारून चालणाऱ्याला माणूस विचारतो ते अजून किती राहिलं, पाणी आहे का, पाय दुखतात का. नाव विचारायचं राहूनच जातं. तिथली सोबत श्रद्धेने निवडलेली असते, विमानतळावरची लादलेली असते, हा फरक मोठा आहे. पण गरजेचे प्रश्न आधी आणि ओळखीचे नंतर, हा क्रम दोन्हीकडे सारखाच चालू शकतो. नाव विचारूच नये असं माझं म्हणणं नाही. दोन तास एकमेकांच्या उपयोगी पडल्यावर विचारलेलं नाव वेगळं ऐकू येतं, एवढंच सांगायचं आहे.

सावधगिरीचा आक्षेपही खरा आहे. बिस्किटातून गुंगीचं औषध देऊन लुटल्याच्या बातम्या रेल्वेच्या प्रवाशांनी वाचलेल्या असतात. बायकांना तर अनोळखी पुरुषाचं नुसतं ‘एकट्याच का?’ हेही नकोसं असतं, आणि त्यांचं काही चुकत नाही. गप्प बसण्याचा हक्क बोलण्याच्या हक्काइतकाच पक्का आहे. पुस्तक उघडून बसलेल्या बाईला कुणी बोलकं करायला जाऊ नये. याविषयी विमानतळावरच झालेला एक जुना प्रयोग उपयोगी आहे. झिक रुबिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात बोस्टनच्या विमानतळावर, विमान सुटण्याची वाट पाहणाऱ्या प्रवाशांना हस्ताक्षराचा नमुना म्हणून स्वतःबद्दल चार ओळी लिहायला सांगितलं. आधी विचारणारा स्वतःबद्दल थोडं लिहून दाखवी. त्याने थोडं खासगी लिहिलं की समोरचाही मोकळा होई. पण विचारणारा समोरच्याला उद्देशून फारच खासगी लिहू लागला की प्रवासी सावध होऊन हात आखडता घेत. माणसं मोकळेपणाला मोकळेपणा देतात, पण अतिरेक झाला की त्यामागे हेतू शोधतात. हा संशय निरोगी आहे, आणि मिळून करण्याच्या कामांतून सुरू झालेल्या ओळखीत त्याचा मान आपोआप राखला जातो. काउंटरवरून बातमी घेऊन येणाऱ्याला कुणी घरचा पत्ता विचारत नाही.

मग सोशिकतेचा आक्षेप. प्रवाशांनी आपसांत मैत्री करून उशीर गोड मानून घेतला तर विमान कंपन्यांचं फावेल, असं काही मित्र म्हणतात. २०२५च्या डिसेंबरमध्ये, वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाल्यानंतर, इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली आणि लोक देशभर विमानतळांवर सामानाच्या ढिगांत अडकले, तेव्हाचा संताप ताजा आहे. त्याला मी नाव ठेवणार नाही. पण एकट्याचा संताप काय करतो हे १४ जानेवारी २०२४ला दिसलं. दिल्लीत धुक्यामुळे तासन्‌तास रखडलेल्या विमानात उशिराची घोषणा करणाऱ्या वैमानिकावर एका प्रवाशाने हात उचलला. पुढची चर्चा त्या माणसाच्या अटकेची झाली, उशिराची नाही. त्याच दिवशी गोव्याहून दिल्लीला निघालेलं विमान धुक्यामुळे मुंबईला वळवावं लागलं आणि त्यातले प्रवासी रात्री विमानाशेजारीच जमिनीवर पंगतीसारखे बसून जेवले. ती चित्रफीत देशाने पाहिली, मंत्रालयाने जाब विचारला आणि सुरक्षेच्या नियमभंगाबद्दल विमान कंपनीला १ कोटी २० लाखांचा दंड झाला. विमानतळालाही वेगळा झाला. एकत्र बसलेली माणसं कुणाला डावलता आली नाहीत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमावलीत अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा त्याहून अधिक उशीर झाला तर खाण्यापिण्याची, आणि सहा तासांहून अधिक होणार असेल तर दुसऱ्या उड्डाणाची किंवा पूर्ण पैसे परत मिळण्याची तरतूद आहे. दालनातल्या शंभर माणसांपैकी हे पाच-दहा जणांनाच ठाऊक असतं. ओळख झालेली असेल तर ते शंभरांचं होतं. नसेल तर ज्याला ठाऊक तो एकटा पाणी-सँडविच घेऊन कोपऱ्यात बसतो. काउंटरवरची मुलगीही, एकामागून एक शंभर जणांच्या शिव्या खाण्यापेक्षा, सगळ्यांच्या वतीने नीट विचारणाऱ्या दोघांना जास्त खरं सांगते.

राहिलं ते या ओळखीच्या अल्पायुष्याचं. व्हॉट्सअॅपवर गट होतो, दोन दिवस शुभ सकाळ येते, मग तो गप्प होतो. तेव्हा ही मैत्री म्हणायची का? जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग सिमेल यांनी १९०८ साली परक्या माणसाविषयी लिहिताना हे दाखवून दिलं होतं की जवळच्यांपासून लपवलेल्या गोष्टी लोक पुष्कळदा परक्यालाच सांगतात. त्याचं कारण कळायला सोपं आहे: परका निघून जाणार असतो. तपासण्यांच्या अहवालाची धास्ती रुग्ण बायकोला सांगू शकत नाही, शेजारच्या अभियंत्याला सांगतो. मैत्रीची लांबी हीच तिची कसोटी मानली तर आयुष्यातल्या कित्येक खऱ्या भेटी आपण हिशोबातून काढून टाकू. आणि काही वेळा त्या लांबतातही. गँडरजवळच्या लुइसपोर्ट गावात राहिलेल्या डेल्टा १५ या विमानाच्या प्रवाशांनी परतीच्या उड्डाणातच आपसांत वर्गणी ठरवली आणि त्या गावातल्या मुलांच्या पुढच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती सुरू केली. काही दिवसांपूर्वी त्यांतले बहुतेक जण एकमेकांना ओळखतही नव्हते.

चिकलठाण्याच्या दालनाबाबत एक मागणी मात्र करावीशी वाटते, आणि ती खर्चिक नाही. प्रतीक्षेच्या खुर्च्या सहसा एकामागे एक, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, अशा असतात. माणूस शेजाऱ्याच्या खांद्याशिवाय काही पाहत नाही. त्यांतल्या थोड्या समोरासमोर मांडाव्यात, मोबाइल चार्ज करायची आणि पिण्याच्या पाण्याची सोय त्यांच्याजवळ असावी. विमान लांबलं की कर्मचाऱ्याने दर अर्ध्या तासाने तिथे प्रत्यक्ष येऊन मराठीत आणि हिंदीत सांगावं, नवीन काही नसेल तर तेही सांगावं. आणि ज्यांना गप्प बसायचं आहे त्यांच्यासाठी भिंतीकडच्या खुर्च्या जशा आहेत तशाच राहू द्याव्यात.